वनिताच्या कादंबरीतला बाप

‘आपल्या निर्दयी पित्याची कहाणी वनिता यांनी आयुष्यात प्रथमच उघड केली, ती आमच्या गुरुजींसमोर. गुरुजींच्या आश्वासक प्रश्नांमुळेच त्या बोलत्या झाल्या. पुढे घरच्या दडपणापायी त्यांची लेखणी थांबली.’

आमच्या तालुका वाचनालयाने गेल्या महिन्यात स्मरणिका काढली. तिच्यात माझ्यावर एक गौरवलेख आहे आणि त्या लेखात ही तीन वाक्ये आहेत. तीनही खोटी आहेत. ‘गुरुजी’ म्हणजे मी. वय एक्याऐंशी, अर्जुनी मोरगावच्या शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक, आणि — गावात कुणालाही विचारा — दुसऱ्याची चूक दिसली की जेवणाचे ताट बाजूला सारून पत्र लिहायला बसणारा माणूस. आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी लावलेल्या माहितीफलकाचा मजकूर मी दोनदा बदलायला लावला. एका संमेलनाध्यक्षाला भर मांडवात थांबवून दुरुस्त केले. असा मी या तीन वाक्यांवर गप्प कसा बसलो? आणि एखादा महिना नव्हे. ही वाक्ये आज छापली गेली असली, तरी गोष्ट चौदा वर्षांपासून फिरते आहे.

गप्प बसलो, कारण या चुकीत माझे कौतुक होते.

आणि ती चूक माझी होती. चूक म्हणतो — पाहा, इथेही हात आखडतो. नजरचुकीने जे घडते ते चूक. मी जे केले ते डोळे उघडे ठेवून, चष्मा पुसून, दोनदा वाचून केले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. पत्नी हयात होती तेव्हा तिलाही नाही. ती अधूनमधून विचारायची, वनिता हल्ली का येत नाही? मी म्हणायचो, नाव झाले की लोक जुने उंबरे विसरतात. एका असत्याला राखायला दुसरे ठेवावे लागते, ते असे. तुम्हाला सांगतो आहे. स्नेही समजून सांगतो. ऐकायचे नसेल तर पान उलटा. मी आग्रह करणार नाही.

आमच्या वाचनालयात मी एक उपक्रम चालवत असे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी, वरच्या खोलीत, नुकतीच नवी कादंबरी प्रसिद्ध झालेल्या एखाद्या लेखकाशी संवाद. नागपूरहून, चंद्रपूरहून लेखक येत. एकदा तर थेट पुण्याहून आले. संवादाआधी मी ती कादंबरी तीनदा वाचत असे. टेबलावर वाचनालयाचा छोटा रेकॉर्डर ठेवलेला असे. नंतर मी तो ऐकून सारे उतरवून काढायचो, संस्कार करायचो आणि आमच्या त्रैमासिकात छापायचो. त्या त्रैमासिकाचा संपादक मी, मुद्रितशोधक मी, पाकिटांना डिंक लावणाराही मीच. अभिमान होता मला. का नसावा? पुण्याच्या त्या लेखकाला मी पाऊण तास केवळ निवेदकाच्या निवडीवर बोलते ठेवले होते. जाताना ते म्हणाले, असे प्रश्न आम्हाला शहरातही कुणी विचारत नाही. ते वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल, त्याची गणती नाही.

मग वनिताची कादंबरी आली.

वनिता केशोरीची. तेव्हा तिशीच्या आसपास, अंगणवाडीत सेविका. बौद्ध घरातली. वडील सुखदेव, आधी धानाच्या बांध्यांमध्ये रोजाने राबले, नंतर ग्रामपंचायतीत शिपाई झाले. शिक्षण सातवीपर्यंत. आई लहानपणीच गेलेली, बापलेक दोघेच. आणि तिची पहिली कादंबरी नागपूरच्या एका लहान प्रकाशकाने काढलेली, पातळसर, दीडशे पानांची. तिच्यात एक बाप आहे. निकालाच्या दिवशी तो मुलीची सगळी पुस्तके दोरीने बांधतो आणि कबाड्याच्या काट्यावर नेऊन टाकतो. विकण्याआधी मात्र तो प्रत्येक पुस्तकाचे खाकी कव्हर काढतो, ज्यावर मुलीने आपले नाव घातले आहे, आणि ती कव्हरे घडी करून खिशात ठेवतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. चांगले काय असते ते मला कळते. तो दावा मी आजही सोडणार नाही.

मग तिला मी काय विचारले? बाळपण कसे गेले. घरची परिस्थिती कशी होती. शिक्षणात कोणकोणते अडथळे आले. कव्हरांविषयी, त्या कादंबरीच्या बांधणीविषयी माझ्या वहीत अकरा प्रश्न लिहिलेले होते. त्यातला एकही मी विचारला नाही. का? पुण्याच्या माणसाने कादंबरी रचली होती, आणि केशोरीच्या मुलीने ती भोगली असणार — हे मी मनाशी ठरवले होते का? ठरवावेही लागले नव्हते. ते ठरलेलेच होते.

शेवटी मी विचारले, यातले वडील म्हणजे तुमचेच वडील, असे वाचकाने समजावे ना?

“नाही गुरुजी,” ती म्हणाली. “माहा बाप तो तिकडं बसून राहिला, खिडकीपाशी. त्यालेच इचारा ना.”

सारी खोली वळली. खिडकीपाशी सुखदेव, धुतलेला पांढरा सदरा घालून, मांडीवर टोपी ठेवून बसलेला. तो गडबडून उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना हात जोडले. लोक हसले, प्रेमाने हसले. पण वनिता तिथे थांबली नाही.

“मागच्या खेपेले नागपूरचे सर आले होते. त्याइच्या कादंबरीत खून होता. त्याइले तुमी इचारलं नाही, खून कुठं केला म्हणून. मंग मलेच काऊन?”

यावर जो हशा उठला तो माझ्या कानात आजही आहे. माझे माजी विद्यार्थी हसत होते. ग्रंथपाल नामदेव हसत होता. सुखदेवही तोंडावर टोपी धरून हसत होता. मीही हसलो — खिलाडूपणे, मान डोलावत. कुणाला काही कळले नाही. सदुसष्ट वर्षे कुणाकडून न झालेली दुरुस्ती त्या मुलीने चाळीस माणसांत केली होती, आणि ती बरोबर होती.

नंतर ती बोलली ते मला शब्दशः आठवते. देवरीच्या बसमध्ये तिने एकदा एक माणूस पाहिला होता. मांडीवर शाळेच्या पुस्तकांचा गठ्ठा, दोरी आवळून बांधलेला, आणि वरच्या पुस्तकाचे कव्हर तो पुन्हा पुन्हा अंगठ्याने सपाट करत होता. कबाड्याच्या दुकानापाशी तो उतरला. बस, एवढेच. पुढचा सगळा बाप तिने बनवला. दोन वर्षे लागली, म्हणाली. आधी तो फार वाईट झाला होता, मग फार बिचारा. कव्हरे खिशात गेली तेव्हा कुठे तो माणूस झाला. एखादी कादंबरी कशी जन्माला येते, हे त्या वरच्या खोलीत इतक्या स्वच्छ शब्दांत माझ्या इतर कोणत्याही पाहुण्याने सांगितले नव्हते.

ते सगळे मी कापले.

आठ दिवसांनी घरी रेकॉर्डर लावून बसलो. हशा आला. मागे घेतले, पुन्हा ऐकला. असा किती वेळा ऐकला, सांगवत नाही. मग माझ्या प्रश्नाखाली मी लिहिले: ‘होय. तो माझाच बाप आहे. हे मी आज प्रथमच सांगते आहे.’ पुढे आणखी चार ओळी, अश्रूंविषयी. तिच्या तोंडी असे मराठी कधी असते का? ते माझे मराठी होते. घोटून तयार केलेले, निर्दोष. नागपूरच्या सरांचा खून गेला, देवरीची बस गेली, खिडकी गेली, टोपी गेली. गोंदियाच्या छापखान्यात मालकाने पाने लावताना तो मजकूर वाचला आणि मला म्हणाला, “मास्टरजी, इस बार तो जान डाल दी आपने.” मी त्याला चहा पाजला.

त्या अंकाची चर्चा झाली. आमच्या त्रैमासिकाची कधी होत नसे. नागपूरच्या एका दैनिकाने त्यातल्या त्या ओळी चौकटीत छापल्या. मग दुसऱ्याने. ‘बापाच्या क्रौर्याची कबुली’ वगैरे. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर कादंबरी हा शब्द बारीक झाला होता आणि ‘सत्यकथा’ हा शब्द ठळक. तिला विचारून केले का? मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही.

अंक निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बापलेक केशोरीच्या बसने माझ्याकडे आली. पत्नीने पोहे केले. वनिताने खाल्ले नाहीत. ती म्हणाली, मी असे बोललेच नव्हते. मी तिला संपादन म्हणजे काय ते समजावून सांगितले. समजावण्यात माझा हात कोण धरणार? बोललेल्या शब्दाच्या आतला आशय बाहेर काढणे हे संपादकाचे काम असते, असे म्हणालो. तिने पिशवीतून एक पत्र काढून दिले. चार ओळींचा खुलासा: ही कादंबरी आहे, यातला बाप कल्पित आहे, माझे वडील वेगळे आहेत, मी असे उत्तर दिलेले नाही. पुढच्या अंकात छापा, म्हणाली. छापतो, म्हणालो.

सुखदेवने आपले पोहे संपवले. उठताना म्हणाला, “गुरुजी, पोरीनं मनानं बनवून लिवलं होतं. तुमी ते खरं करून टाकलं.”

रागाने नाही. एखाद्या सामानाची मोडतोड दाखवावी तसे.

पत्र छापले नाही. पुढच्या अंकात जागा नव्हती, हे कारण मी ठरवले. त्याच्या पुढच्या अंकात विषय शिळा झाला, हे. तिसऱ्या अंकाच्या वेळी कारण ठरवण्याची गरज राहिली नाही. तिने पुन्हा विचारले नाही. रेकॉर्डर वाचनालयाचा होता. परत करण्याआधी मी तो पुसला.

इथे आणखी एका कथनाचा समाचार घ्यायला हवा. नामदेव ग्रंथपाल सज्जन माणूस आहे, आणि त्याला त्या दिवशीचा हशा आठवतो. तो खाजगीत सांगत असतो की रेकॉर्डर बिघडला होता, गुरुजींनी आठवणीवरून लिहिले, वयामुळे थोडी सरमिसळ झाली. नामदेव, रेकॉर्डर उत्तम चालत होता. आणि माझ्या आठवणीला तेव्हा काही झाले नव्हते. आजही झालेले नाही. माझ्यावर दया करताना तरी वस्तुस्थितीला धरून करावी.

त्या खोलीत चाळीस माणसे होती, मग कुणी कसे बोलले नाही, असे तुम्ही विचाराल. मीही विचारतो. चाळीस जणांनी ते उत्तर ऐकले, त्यातले निम्मे त्रैमासिकाचे वर्गणीदार. पण ऐकलेले आणि छापलेले यांची गाठ पडली की माणसे आपल्या कानांना खोटे ठरवतात. आणि छापणारा कोण? ज्याने त्यांना शाळेत शुद्धलेखन शिकवले तो.

सुखदेवचे काय झाले, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. केशोरीत चहाच्या टपरीवर त्याची रोजची बैठक असे. तिथे कुणीतरी विचारू लागले, “काऊन गा सुखदेव, कबाड्यानं भाव बरा देला ना?” आधी थट्टा होती. सुखदेव स्वतःही उत्तर द्यायचा की भाव बरा होता, पण काटा खोटा होता. मग बाहेरगावची माणसे, शिक्षक, कार्यकर्ते, गावात येऊन तो बाप कोणता ते विचारू लागली. लहान मुले घर दाखवायला धावत. टपरीवर जाणे त्याने सोडले. नागपूरला वनिताला पुरस्कार मिळाला, तेव्हा तो तिसऱ्या रांगेत बसला होता, त्याच पांढऱ्या सदऱ्यात. प्रमुख पाहुणे म्हणाले की अशा नराधम बापांना समाजाने जाब विचारला पाहिजे. टाळ्या पडल्या. मला हे तिथे गेलेल्या नामदेवने सांगितले. मी विचारले, सुखदेवने काय केले? तो म्हणाला, काय करणार, सगळ्यांसोबत त्यानेही टाळ्या वाजवल्या; न वाजवता बसला असता तर लोकांनी ओळखले असते.

वनिताने दुसरी कादंबरी सुरू केली होती. तीन प्रकरणे झाली होती. नामदेवने वाचली होती. ती पहिलीपेक्षा चांगली होती असे तो म्हणतो, आणि नामदेवला तेवढे कळते. त्यानंतर तिने ती फाडली. त्याने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “आता कोनाले बनवू, भाऊ? ज्याले बनवीन तो माह्याच घरचा निघते.”

घरच्या दडपणापायी लेखणी थांबली म्हणे. कोणाच्या घरच्या?

दोन वर्षांपूर्वी सुखदेव गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला मी केशोरीला गेलो. वाटले, हीच वेळ. बसमध्ये मी वाक्ये जुळवत होतो. चांगली जुळली होती. वंदना झाली, मग बोलणी सुरू झाली. एका तरुण शिक्षकाने भाषण केले. वाईट हेतूने नव्हे, उलट फार मायेने. तो म्हणाला, सुखदेवबाबांच्या हातून एके काळी लेकीवर अन्याय झाला, पण अखेरच्या काळात त्यांना पश्चात्ताप झाला होता. आपण त्यांना क्षमा करू या. बायका डोळे पुसू लागल्या. भिंतीशी पांढऱ्या साडीत वनिता बसली होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. फक्त पाहिले. मग निवेदकाने माझे नाव पुकारले.

मी उठलो. माईक हातात घेतला. आणि दु:खातून साहित्य कसे जन्मते यावर सात-आठ मिनिटे बोललो.

भ्यालो होतो का? हो. पण ते अर्धेच. क्षमेने भरलेल्या त्या मांडवात, ज्याला क्षमा केली जात होती तो निरपराध आहे असे सांगायचे, तर अपराधी कोण हेही सांगावे लागले असते. आणि मला — एकोणऐंशी वर्षांच्या मला — त्या तरुण शिक्षकाच्या नजरेतला आदर हवा होता. परतताना त्याने मला हात धरून बसमध्ये बसवून दिले.

बरीच वर्षे मी स्वतःला आणखी एक कथन ऐकवत आलो. तेही मोडून काढतो, कारण ते सर्वांत चतुर आहे आणि माझे आहे. ते असे: वनिता लाजली असेल, बाप समोर बसलेला असताना खरे कसे बोलणार? ती नाही म्हणाली, पण आत कुठेतरी होय होते. मी ते केवळ ऐकले. अनुभवावाचून कुणी असे लिहू शकेल का? सुखदेवच्या हसण्यात मी ओशाळेपणा शोधला. त्याच्या हात जोडण्यात कबुली शोधली. मी त्याला मनातल्या मनात इतका दोषी केला की पुढेपुढे मला त्याचा राग येऊ लागला. या कथनाच्या उशीवर मी चौदा वर्षे झोपलो.

त्याचे उत्तर माझ्यापाशी पहिल्या दिवसापासून होते.

आमच्या त्रैमासिकाचा एक प्रघात होता. प्रत्येक संवादासोबत त्या कादंबरीच्या हस्तलिखिताचे एक पान छापायचे. वाचकाला लेखकाचे अक्षर दिसावे, खाडाखोड दिसावी, ही कल्पना माझीच. त्या रविवारी कार्यक्रम सुरू होण्याआधी मी वनिताकडे पान मागितले. तिने प्रकाशकाला पाठवलेल्या प्रतीतले एक पान आणले होते, खाकी कव्हरांचेच. ते ग्रामपंचायतीच्या जुन्या पाणीपट्टीच्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले होते. वाचनालयाच्या नोंदवहीत तिने नुकतीच माझ्यासमोर सही केली होती, बारीक आणि तिरपी. या पानावरचे अक्षर गोल, सुटे, रेघेवर बसवलेले. मी विचारले, हे कुणाचे? ती जरा संकोचली. माझे अक्षर छापखान्याला लागत नाही, म्हणाली, आणि कुणाचे ते सांगितले. प्रश्न विचारायला मी त्यानंतर बसलो. संपादन त्यानंतर केले. त्या एका अंकात मी हस्तलिखिताचे पान छापले नाही, तिचा फोटो छापला. ते पान तिला परतही केले नाही. आत्ता ते माझ्यासमोर आहे.

बाकी सगळ्यांनी आपापली कथने खुशाल छापावीत. वस्तुस्थिती एवढीच आहे: तो बाप, त्याची दोरी, त्याचा काटा आणि त्याने खिशात ठेवलेली कव्हरे यांच्यासह ती संपूर्ण कादंबरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सुखदेवने स्वतःच्या हाताने उतरवून काढली होती.